ईशान्य आणि वायव्य

परतूरच्या बाहेर, शाळेच्या मागं
पाडलेले प्लॉट, वीस बाय तीस,
एका ओळीत एकवीस.
त्यातल्या चौदा घरांच्या टाक्या माझ्या हातच्या.
संडासाची टाकी बांधणाऱ्याला
कुणी टॉवेल-टोपी करत नाही,
पण बोलावतात मलाच.

माझ्याआधी वास्तुवाला येऊन गेलेला असतो.
पाणी ईशान्येला, मैला वायव्येला,
एवढं सांगायचे अकराशे.
नगरपालिकेच्या परवान्यामागं बारीक अक्षरात
पन्नास फूट लिहिलेलं आहे.
ते सांगायचे कुणी पैसे घेत नाही,
म्हणून कुणी विचारत नाही.

इंगोले सरांनी ईशान्य सोडली नाही.
दोनशे ऐंशीवर पाणी लागलं,
केसिंग घातलं वीसच फूट.
खाली दगडच आहे की, म्हणाले.
पूर्वेला शेजारी मदने कंडक्टर.
त्यांनी वायव्य सोडली नाही.
दोघांचंही शास्त्र बरोबर.
एकाची ईशान्य संपते
तिथंच दुसऱ्याची वायव्य सुरू होते.
मधे चार इंची भिंत,
दोघांनी निम्मा निम्मा खर्च घालून बांधलेली.

"तळ कामून बांधता, मिस्त्री?
तळ नसला की टाकी भरत नाही.
उपशाचा खर्च वाचतो."
नाही बांधला.
सहा फूट मुरूम, खाली मांजऱ्या,
त्याच्याखाली काळा पाषाण.
पहारीनं वाजवून बघितला.
आवाज भरीव नव्हता.
ऐकला, आणि संध्याकाळी रोजी घेतली.
विटांवर पाणी मारायला पाइप ओढला
तो इंगोल्यांच्याच बोअरवरून.
सर कधी नाही म्हणाले नाहीत.

आठ वर्षं टाकी भरली नाही.
मदने कौतुकानं सांगायचे,
स्टँडवर, लग्नात, कुठंही.
जातं कुठं, असं
कुणी विचारलं नाही. मीही नाही.

यंदा श्रावणात सरांच्या धाकटीला कावीळ,
पाठोपाठ तिच्या आईला.
आरोग्य केंद्रातल्या गित्ते सिस्टर आल्या
बोटाएवढी बाटली घेऊन.
खुणेपर्यंत पाणी, खिडकीत ठेवा, उद्या बघू.
उद्या बघितलं तर बाटली
तव्याच्या बुडासारखी.
सर भांडले नाहीत.
मला निरोप पाठवला, टेप घेऊन या.

एक टोक त्यांनी बोअरच्या पाइपाला बांधलं.
मदनेंच्या टाकीचं झाकण
चार फूट अकरा इंच.
"नीट ताणा," मदने म्हणाले.
ताणलं. चार अकरा.
"पन्नास कुठं येतात ते तरी बघू," सर म्हणाले,
शाळेत गणित सोडवून घेतात तसं.
मग आम्ही तिघं रस्त्याच्या कडेनं
टेप सोडत निघालो.
मदनेंचं घर ओलांडलं,
पठाण टेलरचं ओलांडलं.
वाटेत दोन बोअर लागले, तीन टाक्या.
तिन्ही टाक्या मला ओळखत होत्या.

पन्नास फूट भरले
ते डोईफोडे काकूंच्या पायरीवर.
त्या तांदूळ निवडत होत्या.
भादव्याचं ऊन, दारात तीन माणसं,
हातात पिवळी पट्टी.
काय मोजता, म्हणून विचारलंसुद्धा नाही.
सूप बाजूला ठेवून आत गेल्या,
तांब्या-फुलपात्र घेऊन आल्या.
"उन्हाचे आलात. घ्या,
आमच्या बोअरचं गोड आहे."

मदनेंनी सरांकडं बघितलं,
सरांनी माझ्याकडं.
फुलपात्र गार होतं.
तहान तर लागलेलीच होती.