आळशी नदीची पातळी

मनगटावर नारिंगी पट्टा बांधून घेताना
तातूंनी विचारलं, हा सुटत नाही?
नाही, म्हणाली काउंटरवरची मुलगी, कापावाच लागतो.
मग ठीक, म्हणाले माझे सासरे,
आणि हात पुढे केला
इंजेक्शनला करतात तसा.

लॉकर एकशे अठरा. त्यात
निरंजनचा फोन, माझं मंगळसूत्र, तातूंचं घड्याळ,
आणि पार तळाशी, टॉवेलात गुंडाळून,
बाहेरून आणायला बंदी असलेला चिवडा.

पाण्यात नायलॉनच पाहिजे असा नियम.
सत्तर रुपये भाड्यात
तातूंना मिळाला डॉल्फिनवाला शर्ट,
मला गुडघ्यापर्यंतचं जांभळं काहीतरी.
आरशासमोर थांबले नाही.
शर्विल आणि इरा तोवर
सर्वांत उंच घसरगुंडीच्या जिन्यावर.

साळगावच्या पठारावर इथं म्हणे चिऱ्याची खाण होती.
कापलेल्या तांबड्या भिंती अजून दिसतात,
मधेमधे प्लास्टिकचे माड लावलेत,
आणि त्यांच्या मागे, कुंपणापलीकडे, खरे.
एक खंड्या दोन्हींवर बसून बघतो.

दर तासाला भोंगा वाजतो, मग लाटा येतात.
इरा म्हणाली, समुद्रापेक्षा हे बरं,
आधी सांगून तरी येतात.

तिळारीच्या कालव्यावर एकतीस वर्षं
पाण्याची पातळी वाचली तातूंनी.
सकाळी सहा, दुपारी बारा, संध्याकाळी सहा.
वहीत आकडा, आकड्याखाली सही.
कधी पाय सोडून बसलात का त्यात,
मी एकदा विचारलं होतं.
ड्युटीवर? म्हणाले,
जणू मी जेवताना काही अभद्र बोलले.

म्हणून त्या फुगवलेल्या पिवळ्या चक्रात
ते बसतील असं वाटलं नव्हतं.
एव्हरिस्तो नावाच्या पोरानं चक्र धरून ठेवलं,
भिवं नाका, आजो, म्हणाला,
आणि आजो बसले, चष्म्याला दोरी लावून,
पायाचे अंगठे आभाळाकडे.

आळशी नदी असं पाटीवर लिहिलंय.
कंबरभर पाणी, गोल फिरणारं,
पुलाखालून, खोट्या गुहेतून, परत पुलाखाली.
पहिल्या फेरीत तातूंनी काठ सोडला नाही.
दुसऱ्या फेरीला मला ओरडून सांगितलं,
सेकंदाला फूटभर वेग आहे गं, जेमतेम.
तिसरीला एव्हरिस्तोला विचारलं,
हे पाणी पुढे जातं कुठं?
खंय ना, आजो. पंप आसा.

गुहेतून बाहेर यायला त्यांना जरा वेळ लागला.
आले ते हसत. एकटेच, मोठ्यानं,
मागची कुठली तरी बाई दचकली.
म्हणजे कुणी घेतच नाही! म्हणाले.
कुणाची पाळी नाही, कुणाचं दार नाही,
रात्री येऊन कुलूप तोडणारा कुणी नाही!
आणि मग डोळे मिटले.

मी किती फेऱ्या मोजल्या ते आठवत नाही.
निरंजन छत्रीखाली तोंडावर टोपी घेऊन घोरत होता,
शर्विलचा एक चपलेचा जोड हरवला, सापडला.
मी टॉवेलाच्या आत हात घालून
चिवड्यातले फक्त काजू शोधून खाल्ले.
कुणाला काही द्यायचं नव्हतं, कुठं पोचायचं नव्हतं.
बोटांना सुरकुत्या पडल्या तरी
पाय पाण्यातच ठेवले.

फाटकावरच्या मुलीनं कात्री उचलली
तेव्हा तातूंनी मूठ पाठीमागे नेली.
असू दे, म्हणाले. तिनं असू दिला.

म्हापसा, अस्नोडा, मुलं मागे झोपलेली.
दोडामार्गच्या अलीकडे कालवा आडवा आला,
उजेड संपत आला होता.
तातूंनी काच खाली केली, मान बाहेर काढली.
वीतभर कमी आहे, म्हणाले,
आणि घड्याळात बघितलं.
सहा वाजून गेले होते.

काच वर करताना
बाहीतून डॉल्फिनचं शेपूट दिसलं.
मी काही बोलले नाही.