घनफळ

मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत, जिथे आधी व्हॉल्व्ह बनायचे,
त्या शेडमध्ये आता पोरं भिंतीवर चढतात
आणि गादीवर पडतात.
पैसे देऊन.

ऋजुता शितोळे तिथली. कागद घेऊन आली:
काका, वॉल्यूम करायचेत. अकरा.
म्हटलं, रेडिओवाला पलीकडच्या गल्लीत.
तिने कागद दुमडून टेबलावर उभा केला,
एका अंगाला कललेला सुळका,
काटकोन औषधालाही नाही.

चाळीस वर्षं गुण्याला विचारल्याशिवाय
मी फळी कापली नव्हती.
त्याला खिळ्यावर टांगला.
अठरा एमएमचा प्लाय, कडेला साडेसदतीस अंश,
तीनदा शिवणीत नख जाईल एवढी फट.
नटुभाई म्हणाला, चालशे, पुट्टी भरी दो.
पुन्हा कापलं.

कपाटं केली, देव्हारे केले,
रावपुऱ्यातल्या एका बाईला चोरकप्प्याचं टेबल करून दिलं.
पण ज्याला दार नाही, कडी नाही,
ज्यात कुणी कधी काही ठेवणार नाही
असं काम पहिलंच.
आणि जन्मभर पॉलिशपेपर घासलेल्या या हातांनी
रंगात वाळू कालवली,
महीची, दोनदा चाळलेली,
मुद्दाम खरखरीत.

अकरावा बंद केला, शेवटचा स्क्रू पिळला
आणि कान चाचपला.
पेन्सिल आत.

रविवारी बोलावलं म्हणून गेलो. चप्पल बाहेर.
माझे सुळके भिंतीतून गुडघ्यांसारखे वर आलेले,
निळे, एक हळदी.
धैवत नावाचा पोरगा हळदीवर नुसता तळवा टेकून उभा,
धरायला काही नाही,
वजन कुठे टाकायचं एवढंच.
मग त्याने पाय उचलला, वर ठेवला,
आणि आतून
खुळ्ळ.

सगळे थांबले. ऋजुता पाना घेऊन चढली,
बोल्ट आवळले, टकटक केलं, कान लावला.
काका, काही सुटलंय का?
माझ्या कामात काही सुटत नाही, मी म्हटलं.
खरंच होतं ते.

दर महिन्याला म्हणे सगळं उतरवतात,
तोच सुळका उलटा लावतात, आडवा,
आणि चढणाऱ्यांना तो ओळखू येत नाही.
मला येईल.
भिंतीकडे पाठ करून बसलो तरी.
दोन रुपयांची, अर्धी झिजलेली, लाल-काळ्या पट्ट्यांची,
कोपरा बदलत असेल.

नवी घेतलीय. कानावर अजून बसत नाही नीट.