अस्सल बरहुकूम

नकलेच्या खिडकीला जाळी आहे,
जाळीला हात जाईल एवढं भोक.
पलीकडून खोब्रागडे मॅडम विचारतात,
प्रकरण क्रमांक?

मला बाबांचा पीएफ नंबर पाठ आहे,
अजनीच्या क्वार्टरचा नंबर,
दूधवाल्याची फाल्गुनातली बाकी.
हा नाही.

साल?
साल सांगते. एकानं चुकतं.
तारीख?
पोळा झाल्यावर तीन दिवसांनी.
रांगेत मागचा माणूस हसतो. मॅडम हसत नाहीत.
मोबाइलवर त्या वर्षीचा पोळा शोधतात,
तीन दिवस बोटांवर मोजतात,
म्हणतात, बसा बाई, रजिस्टर वर माळ्यावर असन.

बाक तोच नाही, पण त्याच भिंतीला आहे.
तेव्हा तिथं बाबा बसले होते,
मालगाडीचे गार्ड, रिटायर होऊन सहा वर्षं,
तरी पाठ ब्रेकव्हॅनमधल्यासारखी ताठ.
मी बाहेर आले, तर त्यांनी आधी घड्याळ पाहिलं,
गाडी किती लेट ते वहीत मांडायचं असावं तसं,
आणि म्हणाले,
यंदाची मारबत तीन दिवस उशिरा गेली पाय.
मग आम्ही उसाचा रस प्यायलो. बर्फ जास्त होता.
एवढ्या वर्षांत मी त्यांना विचारलं नाही
की मारबत कोण,
प्रमोद, की मी.

मूळ कागद मी फाडला नाही, जाळला नाही.
तसं सांगायला बरं वाटलं असतं.
गव्हाच्या कोठीखाली अंथरला होता, ओल लागू नये म्हणून.
वाळवी आली, तिनं पक्षकार खाल्ले,
न्यायाधीश खाल्ले, शिक्का तेवढा ठेवला.

आई माघात गेली.
रेल्वेच्या ऑफिसात एक मुलगा नीट समजावून बोलला:
घटस्फोटित मुलीला पेन्शन लागते, काकू,
पण फारकत आई-बाप जिवंत असताना झालेली पायजे.
म्हणजे मी वेळेत मोडले.
सासरी असताना भाजीसुद्धा कधी वेळेत झाली नव्हती म्हणे.

अर्जात रकाना आहे: नक्कल कशासाठी हवी.
मी लिहिलं, पोटासाठी.
खोडलं. लिहिलं, पेन्शनकामी.
त्या खालचा रकाना: प्रकरणाशी संबंध.
तिथं पेन बराच वेळ टेकून राहिलं,
एक निळा ठिपका मोठा होत गेला.

कूलरला पाणी नाही, नुसती गरम हवा फेकतो,
वाळ्याच्या ताट्या कोरड्या वाजतात.
शालिक बस्ता खांद्यावरून आणतो, टेबलावर आपटतो,
लाल कापडाची गाठ निघेना म्हणून दातानं सोडतो.
आमच्या वर कोणी काटोलचे,
खाली कोणी मानेवाड्याचे,
त्यांच्याखाली नाव पुसलेले.
एकमेकांपासून सुटलेली इतकी माणसं
एकाच सुतळीनं करकचून बांधलेली.

हेच का, शालिक विचारतो.
कुंदा प्रमोद निमजे.
सही माझीच. ज ला तेव्हा मी गोल शेपूट काढत होते.
ते कधी सोडलं, आठवत नाही,
त्याचा कुठंच हुकूम झाला नाही.
समासात पेन्सिलीनं कुणीतरी लिहून ठेवलेलं:
समेट निष्फळ. दोघे शांत होते.

दोघे शांत होते.
हे मला माहीत नव्हतं.
मला वाटायचं मी फार ओरडले.

आठ दिवसांनी या, मॅडम म्हणतात,
अस्सल बरहुकूम असा शिक्का मारून मिळन.
किती प्रती?
दोन.
रेल्वेला एकच लागते, दुसरी कशाला?
कोठीला ओल येते, असं म्हणावंसं वाटतं.
असू द्या, म्हणते,
आणि दुसरं तिकीट जिभेनं ओलं करून
अर्जावर दाबून धरते.