सही जुळते

फैजपूरच्या पतसंस्थेत रोकड खिडकी क्रमांक दोन,
काचेमागे मी, कुमुदिनी फिरके.
बावीस वर्षांत कुणावर आवाज चढवला नाही.
यंदा केळीचे पैसे घ्यायला आलेला माणूस
काचेपासून एक पाऊल मागे सरकला.
घरी सासूबाई म्हणाल्या,
काऊन वं, डोये वटारते माह्यावर?

मी नव्हते वटारत.
आरशात बुबुळाच्या वरही पांढरं दिसत होतं.

मग एका नोटेच्या दोन नोटा दिसायला लागल्या.
हे कॅशियरला परवडत नाही.

जळगावला डॉक्टरीणबाईंनी गळा चाचपला,
डोळे किती पुढे आलेत ते पट्टीने मोजलं,
आणि रक्त बर्फाच्या डब्यातून मुंबईला गेलं.
चौथ्या दिवशी आकडा आला: अठरा पूर्णांक चार.
पावणेदोनच्या आत हवा होता.

थायरॉइडला हुकूम वरून येतो, त्या म्हणाल्या,
तुमच्या रक्तातली प्रतिपिंडं
त्या हुकमाची नक्कल करतात.
मला लगेच कळलं.
खोटी सही.
इतकी हुबेहूब, की ग्रंथी काही विचारतच नाही,
स्लिप आली की देते, देते, देतच राहते.
आणि हीच सही चालणारी दुसरी शाखा
डोळ्यांच्या मागे, खोबणीत.
तिथे सूज वाटली जाते.

कागद सासूबाईंसमोर ठेवला.
त्यांना वाचता येत नाही.
आकड्यावर बोट टेकून विचारलं,
हा तुह्या राग आहे का?
म्हटलं, राग नव्हता, त्याची ही पावती.
त्यांनी ती घडी करून
रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवली.

मुरलीधरची बिडी तेव्हापासून घराबाहेर, थेट कॅनॉलवर.
आकडा उतरत गेला,
अकरा, सहा पूर्णांक दोन, अडीच.
डोळे आकड्याइतके आज्ञाधारक नाहीत,
नोटा मात्र आता एकेकच दिसतात.
व्यवस्थापकांनी थकबाकीची फाईल माझ्याकडे सरकवली,
तुम्ही नुसतं बघा, मॅडम.

रात्री पापण्या अजून पुरत्या मिटत नाहीत.
मुरलीधर मलम घालतो, पट्टी लावतो.
परवा पट्टी संपली होती.
सकाळी चहा ओतताना म्हणाला,
रात्री एवढं सगळं सांगितलं,
तू माझ्याकडे बघत राहिलीस, बोलली काहीच नाहीस.

मी झोपले होते.
काय सांगितलं, विचारते आहे दोन दिवस.
सांगत नाही.