पोचा

पुढून मोटार, मागून छकडा.
एकावन्न सालची ऑस्टिन. आमच्याकडे हिला यूट म्हणतात.
सांगतात, कुण्या शेतकरणीनं कंपनीला पत्र धाडलं होतं:
रविवारी न भिजता चर्चला जाता येईल
आणि सोमवारी डुकरं बाजारात नेता येतील
असं एकच काहीतरी बनवा,
दोन घ्यायची ऐपत नाही.
पत्र मी पाहिलेलं नाही.
पण बाई खरी असणार.
ऐपतीचं वाक्य पुरुष लिहीत नाहीत.

पासष्टच्या दुष्काळात बाबांनी ही विकली, चाळीस पौंडांना.
मला परत सापडली मूंटाच्या पुढं, पास्कोंच्या कुरणात.
सीटवर कोंबड्या अंडी घालत होत्या.
एक तर अशी डोळा रोखून बसली
जणू गाडीची कागदपत्रं तिच्याच नावावर.
मी सहाशे डॉलर मोजले
आणि वर खुराडं बांधून दिलं.

दोन हिवाळे गेले.
खरवडलं तर पांढऱ्याखाली निळा,
निळ्याखाली तो कोवळ्या वाटाण्याचा हिरवा.
गिअरबॉक्स टास्मानियाहून बोटीनं आला.
दाराची मूठ वॉलरूच्या एका निवृत्त पोस्टमास्तरकडे निघाली,
त्यानं पैसे घेतले नाहीत, फेरी मागितली.
हौद्याच्या सांध्यांत काय काय:
बार्लीचे दाणे, लोकरीची गुंतवळ,
मासेमारीचं शिसं,
केसांची एक पिन.

मागच्या झडपेला, डाव्या कोपऱ्यात, पोचा.
पत्रा ठोकणारा झोरान म्हणाला, अर्ध्या तासाचं काम.
म्हटलं, थांब जरा.

बाबा जन्मभर सांगायचे, मेंढ्यानं धडक दिली.
मेंढ्याला नावही होतं, कर्नल.
कर्नलची शिंगं, कर्नलचा माज,
शेवटी कर्नलला शेजारच्या गावी कसा विकला,
सगळं पाठ होतं आम्हा भावंडांना.

वृद्धाश्रमात आईला फोटो दाखवला.
तिनं चष्मा पुसला. कोपऱ्यावर बोट ठेवलं.
"हा कर्नल म्हणजे मी," म्हणाली.
लायसन नव्हतं. रिव्हर्स शिकत होती.
आत सगळी मंडळी उभी राहून गात होती
आणि बाहेर तिनं देवाच्या भिंतीला गाडी घातली.
बाबा धावत आले,
आधी तिच्याकडे पाहिलं, मग भिंतीकडे,
आणि तिथंच, उभ्या उभ्या,
एक मेंढा जन्माला घातला.

पोचा तसाच ठेवला. झोराननं खांदे उडवले
आणि त्यावरून रंग मारला, अगदी हळुवार.

चर्चमध्ये आता कुणी कुंभारकाम करतं.
चुनखडीच्या भिंतीवर, गुडघ्याच्या जरा वर,
हिरवा ओरखडा अजून आहे.
रविवारी आईला पुढं बसवून गेले.
मागं घेत घेत आणली.
टायर नवे, म्हणून पोचा दोन बोटं वर राहिला.

"हळू," ती म्हणाली.
मग आरशात बघत,
"अजून थोडी घे."