उघाडी

हर्णै बंदरात कान तपासायची गाडी आली.
गाडीत एक खोली, कपाटाएवढी,
आतून स्पंजची.
तेवीस वर्षं सहा सिलिंडरांना उशाला घेऊन झोपलेल्या मला
पहिल्यांदाच कोणी म्हणालं,
बसा काका, इथे काही आवाज नाही.

होता.
मी घरून आणलेला.
लांब कुठेतरी कुकर विसरल्यासारखा.

टूं ऐकू आलं की बटण दाबा, निलोफर पावसकर म्हणाली.
मी दाबत राहिलो.
निम्म्या वेळा तिने काही वाजवलंच नव्हतं.

कागदावरची रेघ सरळ चालत आली
आणि उजवीकडे कड्यावरून बकरी पडावी तशी पडली.
तुमचा स गेलाय, ती म्हणाली. श पण. फ पण.

माहीत होतं गं.
लिलावात साठ म्हणतात, मी आठ ऐकतो.
घरात नातीला हाक मारतात, सई,
मला येते नुसती अई,
आणि मी दाराकडे बघतो.
आई जाऊन अकरा वर्षं झाली.

तिने शंख काढून दाखवला.
म्हटलं, शंख ठेव, शंख आम्ही जाळ्यातून वेचून फेकतो.
आत पाणी आहे का, ते सांग.
आहे, दोन तऱ्हेचं:
एक समुद्रासारखं खारट,
दुसरं शहाळ्यासारखं, पोटॅशियमचं,
मध्ये बांध.

बांध म्हणाली आणि मी खुर्ची पुढे ओढली.
माझा बाप आंजर्ल्याच्या खाजणात उघाडी सांभाळायचा.

पडदा थरथरतो. तीन हाडं एकमेकांना ढोसतात,
शेवटचं तांदळाच्या कणीएवढं,
ते पाण्यावर धक्का देतं, आणि खाडीत लाट शिरते.
बारीक आवाजाची लाट तोंडाशीच फुटते,
घुमणारी जाते पार आत, तिवरांपर्यंत.
तळाशी केस, उंचीप्रमाणे उभे केलेले,
बुटक्याच्या शेंड्यापासून उंचाच्या कमरेला एक धागा.
लाटेने केस कलले, धागा ताणला,
की दार उघडतं,
शहाळ्याचं पाणी आत.
सेकंदाला हजारदा, काका.

आणि आवाज? तो कुठवर जातो?
तिथवरच. पुढे आवाज नाही, वीज आहे.
मेंदूला नुसती वर्दी मिळते.

बरोबर.
बाप काही समुद्र घरी आणायचा नाही.
गुडघ्यापर्यंत भिजलेला यायचा, म्हणायचा, लागली भरती,
आणि आम्ही चुलीपाशी बसून
अख्खा समुद्र ऐकायचो.

माझ्या खाडीच्या तोंडाचे केस आडवे झालेत.
प्रत्येक लाट त्यांच्यावरूनच आत जायची,
इंजिनाची तर रात्रंदिवस.
परत उगवतील?
माणसाचे नाही उगवत, ती म्हणाली. कोंबडीचे उगवतात.

कोंबडीचे!

संध्याकाळी अंगणातल्या कोंबड्यांकडे मी जरा रागानेच बघितलं.
चार दाणे टिपून त्या माडाखाली गेल्या.

यंत्र घेईन, नारळी पौर्णिमेनंतर, बोटी सुटल्या की.
तोवर बांधावर जाऊन आलो.
बापाच्या लाकडी दाराजागी आता सिमेंट,
लोखंडी झडप, गंजलेली, अर्धी उघडी,
आत खारं पाणी शिरलेलं.
हात ठेवला झडपेवर.
तळव्यात भरती धडधडत होती, जाड, खालच्या सुरात.
ही अजून येते मला.

घरी सईला म्हटलं, ये, माझ्या हातावर तुझं नाव सांग.
तिला गंमत वाटली. तोंड तळव्याजवळ आणलं तिने.
आधी आला वारा,
बारीक, गार, दातांमधून निघालेला,
मग कानाला ई.

परत सांग, म्हटलं.
तिने सांगितलं.
हाताला थोडी थुंकी लागली.