विवाह अस्तित्वात आहे

फोटोवाल्या गोगट्यांनी दोनदा दिवा हलवला.
"दोघांना एकदम उजेड लागत नाहीये हो,
ह्यांचा चेहरा धरला तर तुमचा उडतो."
संयुक्त फोटो, पांढरी पार्श्वभूमी, कान दिसले पाहिजेत.
आम्ही आदल्या रात्रीपासून बोलत नव्हतो.
खांद्याला खांदा लागला, तेवढाच.

भांडण गॅसच्या सिलिंडरवरून झालं,
म्हणजे सिलिंडरवरून नव्हतंच.
सिलिंडर माझ्या नावावर, वीज माझ्या नावावर,
भाडेकरारात तो 'सोबत राहणारी व्यक्ती'.
म्हणाला, "पाहुणा म्हणून अजून किती वर्षं चहा करू?"
मी म्हणाले, "पाहुणा भांडी घासत नाही."
मग चिडून म्हणाले, "जा मग."

क्वाबेना म्हणजे मंगळवारी जन्मलेला.
आई तीन महिने लग्नाला नाही म्हणत होती,
हे कळल्यावर म्हणाली,
"मंगळवारचा? मग गणपतीचाच की."
आईच्या कार्यालयाला एकच खिडकी.

इथे कागद लागतात.
लग्नाचा दाखला, दोन वर्षं भरल्याचा हिशेब,
पासपोर्टचं पानन्‌पान, कोरीसुद्धा,
आणि स्टॅम्पपेपरवर:
सदर विवाह अस्तित्वात असून
उभयता एकत्र राहतात.
नोटरीनं मान वर न करता विचारलं, "वाचलंत ना?"
वाचलं.
काल रात्री उभयता पलंगाच्या दोन कडांना होते,
मध्ये मुलगी आडवी,
पाय त्याच्या बरगडीत, डोकं माझ्या पोटात.
एकत्र राहतात. होय.
सही केली.

कार्डावर लिहिलेलं असतं ओव्हरसीज, म्हणजे समुद्रापारचा.
राहतो भांडुपला.
अक्रा शहराच्या बाजूनं पाहिलं तर बरोबर आहे म्हणा.

चौकशीला हवालदार जमदाडे आले.
शेजारच्या कुट्टीबाईंना विचारलं, माणूस कसा आहे.
"रविवारी गाणी मोठ्यानं लावतो. लिहा ते पण."
लिहिलं त्यांनी.
मग ह्याच्याकडे वळून, "इथे कायमचं राहणार का?"
क्वाबेना मराठीत म्हणाला,
"साहेब, घर अकरा महिन्यांचं आहे."
जमदाडे एवढे हसले की पाणी सांडलं.
"आमचं क्वार्टर तरी काय, निवृत्तीपर्यंत."

गावाहून बाबांचा फोन.
"कार्ड मिळालं की त्याला मत देता येईल?"
नाही.
"आपल्या खालच्या वाफ्याला लागून तुकडा निघालाय विकायला, त्याच्या नावानं घेतला तर?"
शेतजमीन नाही घेता येत, बाबा.
"सरकारी नोकरी?"
नाही.
"मग येतं काय?"
राहता येतं. नोकरी, धंदा करता येतो.
दर वेळी व्हिसा वाढवायला धावावं लागत नाही.
पलीकडून बराच वेळ
अडकित्त्याचा आवाज येत राहिला.

एक कलम मी त्याला वाचून दाखवलं नाही.
त्यानं आधीच वाचलं होतं, पेन्सिलीची खूण होती.
लग्न मोडलं तर कार्डही जातं.
म्हणजे मी कधी रागानं 'जा' म्हटलं
तर ते नुसतं 'जा' राहत नाही.
त्यात विमान असतं.
माझ्या बहिणीनं नवऱ्याला दहा वेळा घराबाहेर काढलंय,
तो खालच्या टपरीवर चहा पिऊन परत येतो.
मला ती चैन नाही,
आणि त्याला माझ्याशी मोकळेपणानं भांडायची नाही.
पेन्सिलीच्या त्या खुणेकडे
मी किती वेळ बघत बसले, सांगता येत नाही.

कार्यालयात टोकन सत्तेचाळीस.
बाईंनी फोटो उचलून उजेडात धरला.
"जरा काळा आलाय," म्हणाल्या,
मग गडबडून, "म्हणजे फोटो."
क्वाबेना म्हणाला, "हो मॅडम, फोटो पण."
मी हसले. त्यानं पाहिलं.
दीड दिवसानंतरचं ते पहिलं बोलणं,
आणि तेसुद्धा तिसऱ्या माणसाशी.

कार्ड यायला अजून वेळ आहे.
मधल्या काळात मी गॅस एजन्सीत गेले,
कनेक्शन त्याच्या नावावर करायला.
तिथेही फॉर्म, तिथेही प्रतिज्ञापत्र.
घरी येऊन टेबलावर ठेवलं.
त्यानं हात पुसले, चष्मा लावला.
"ह्यात पण विचारलंय, विवाह अस्तित्वात आहे का?"
"नाही," मी म्हटलं,
"शेगडी आहे का, एवढंच."